विहीणबाईंच्या न्हाणीघरात

"आई, लग्नाच्या आदल्या दिवशी आपण सगळ्या बायका एकत्र आंघोळ करणार आहोत," असं लेकीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मलकपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, हात पिठाचे.

"एकत्र म्हणजे? एकीमागून एक ना?"

"नाही गं. एकत्र. सौना म्हणतात इथे. लाकडाची तापवलेली खोली असते, सगळ्या आत बसतात, घाम काढतात, मग पाणी घेतात."

"साड्या नेसून?"

"आई! साडी नेसून कुणी आंघोळ करतं का?"

"मग काय नेसून?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही, आई."

तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि पिठाच्याच हातांनी फोन तोंडासमोर धरला. "कप्पाळ माझं! लग्न आहे की काय आहे हे? विहिणीसमोर मी या वयात उघडी बसू? अगं, तुझ्या वडिलांसमोरसुद्धा मी कधी दिव्याच्या उजेडात..." पुढचं गिळलं. लेक तिकडे खो खो हसत होती. ती हैदराबादेत वाढली, तिचं मराठी अर्धं दखनी. "खाली-पिली परेशान नको होऊ ना गं," म्हणाली. "इथे कुणी कुणाकडे बघत नाही."

"बघत नाहीत म्हणजे काय, डोळे मिटून बसतात?"

मग ती हसायची थांबली. फिनलंडला नोकरीला गेल्यापासून ती अशी मध्येच थांबते आणि मग जे बोलते ते मोजकं बोलते. "आई, ही यांची पद्धत आहे. नवरीचा सौना. नवरीला तिची आई पाणी घालते. मी दुसरं काही मागत नाहीये. हळद नको, मेंदी नको, मानपान नको. एवढ्याला मात्र तू ये."

लाज एक वेळ बाजूला ठेवली असती. तिथे पोचल्यावर डोळे घट्ट मिटून घेतले असते आणि रामरक्षा म्हणत बसले असते. माझी पंचाईत वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढून टाकला होता, आणि लेकीला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

गाठ निघाली त्या वेळी तिला नुकतीच तिकडे नोकरी लागली होती. पहिलाच हिवाळा, दुपारीच अंधार पडायचा, रोज फोनवर रडायची. मी यांना बजावलं, "तिला कळता कामा नये." हे म्हणाले, "अगं पण..." म्हटलं, "पण नाही नि बिण नाही. कळलं तर पोरगी नोकरी टाकून येईल." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, शस्त्रक्रिया केली की पुढे गोळ्यांवर भागेल. तसंच झालं. इमारतीत आम्ही सांगितलं की पित्ताची पिशवी काढली. शेजारच्या तेलुगू मावशी महिनाभर बिनतेलाचा पप्पू करून आणून देत होत्या, आणि मी निमूटपणे तो अळणी डाळीचा गोळा खात होते. लेकीला सांगितलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय.

आता कुणी म्हणेल, एवढं लपवायचं कशाला? सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना हेच झालं होतं. त्या जिन्यात भेटल्या की बायका आधी त्यांच्या छातीकडे बघायच्या, मग तोंडाकडे, आणि पाठ वळली की "अय्यो पापम" म्हणायच्या. 'बिचारी' म्हणायचं तेलुगू आहे ते. मला कुणाचं अय्यो पापम नको होतं. लेकीचं तर मुळीच नको होतं.

मग उरली दिसण्याची बाब. तसले तयार गोळे मिळतात म्हणून सुलतान बाजारात गेले, तर दुकानात गल्ल्यावर माझ्या लेकीच्या वयाचा माणूस. "क्या होना अम्मा?" म्हणाला. मी दोन रुमाल घेऊन परत आले. घरी जुन्या मऊ साडीचा तुकडा कापला, गोल पिशवी शिवली, आत कापूस भरला. नुसता कापूस वर सरकायचा, म्हणून वजनाला मोहरी घातली. चांगली बारीक मोहरी, निवडून. चोळीच्या आत कप्पा शिवून त्यात ती ठेवायची. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. लेक मधल्या काळात दोनदा घरी येऊन गेली. गळ्यात पडायला आली की मी उजवा खांदा पुढे करायचे. तिला वाटलं असेल, म्हातारपणी आईला मिठ्या मारायचा कंटाळा येतो.

"आता तरी सांगून टाक," हे म्हणाले.

"लग्नाच्या तोंडावर? अक्षता पडायच्या दिवशी पोरगी रडत उभी राहील. ते काही नाही."

"मग त्या सौनाचं काय करणारेस?"

त्याचाही बंदोबस्त मी केला. पुण्याला लहानपणी आमच्याकडे नळावर बायका न्हायच्या त्या परकर काखेपर्यंत वर ओढून, छातीवर नाडी बांधून. चार लोकांत न्हायल्या तरी एक इंच अंग दिसायचं नाही. तर परकर न्यायचा, आत चोळी, चोळीत मोहरीची पिशवी. विचारलं तर सांगायचं, आमच्यात असंच न्हातात. मी दोन जाड सुती परकर बॅगेत टाकले आणि स्वतःवर खूश झाले.

विहीणबाई विमानतळावर घ्यायला आल्या होत्या. उंच, पांढरे आखूड केस, पोस्टातून निवृत्त झालेल्या. माझा हात हातात घेऊन एकदा हलवला, बॅग उचलली आणि गाडी चालवायला बसल्या. दोन तासांचा रस्ता. दोन्हीकडे झाडं, झाडं आणि झाडं. बाईंच्या तोंडातून एक शब्द नाही! मी लेकीला कोपराने ढोसलं. "रागावलीय का गं? आमचं येणं पसंत नाही का?"

"आई, ती खूश आहे."

"ही खूश? मग चिडल्यावर काय करते?"

घरी गेल्यावर जेवायला बसवलं. बाईंनी माझ्यासमोर बटाट्यांचं भांडं धरलं. मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, "नको नको." आता त्या म्हणणार, घ्या हो थोडं, मग मी म्हणणार, अहो पुरे, मग त्या वाढणार. काय सांगू, बाईंनी मान डोलावली आणि भांडं उचलून दुसरीकडे नेलं! ब्रेड आला, मी "नको" म्हटलं, ब्रेड गेला. मी थक्क होऊन बघत राहिले. विहीण आलीय घरी, पहिल्यांदा, बारा तासांचा तर नुसता विमानप्रवास करून, आणि आग्रह म्हणून नाही! रात्री खोलीत मी बॅगेतले बेसनाचे लाडू खाल्ले आणि यांना म्हटलं, "पोरगी उपाशी मरणार इथे." हे पोट धरून हसले. यांनी पहिल्याच वेळी हो म्हटलं होतं, त्यामुळे यांचं जेवण झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला समजावलं. "आई, इथे नको म्हटलं की नको. त्यांना वाटतं, तुला खरंच नकोय, तर उगाच कशाला छळायचं. तुझ्या शब्दाचा मान ठेवतात ते." मी म्हटलं, "शब्दाला काय चाटायचंय?" पण त्या दिवसापासून मी पहिल्या फटक्यात हो म्हणायला लागले. सवय व्हायला वेळ लागला. हो म्हणताना प्रत्येक वेळी मी हावरट आहे असं वाटायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी गेलो. संध्याकाळ कसली, लख्ख ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही. काठावर काळपट लाकडाची एक झोपडीवजा खोली, धुराडं असलेली. विहीणबाई दारात थांबल्या आणि पहिल्यांदाच चार वाक्यं सलग बोलल्या. लेकीने मला सांगितलं, "त्या म्हणतायत, हा त्यांच्या आजोबांनी बांधलेला सौना. त्यांचा स्वतःचा जन्म इथेच झाला. आणि त्यांची आजी गेली तेव्हा तिलाही इथेच धुतलं."

"धुतलं म्हणजे? मढं?"

"हो."

"शिव शिव शिव! अगं, जिथे प्रेत धुतलं तिथे उद्याच्या नवरीला न्हाऊ घालायचं? यांना काही विधिनिषेध?" लेक म्हणाली, "आई, हळू बोल." मी म्हटलं, "हळू कशाला, यांना कुठे मराठी कळतंय?" विहीणबाई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. मला वाटतं, तेवढं त्यांना कळलं होतं.

बाहेरच्या लहान खोलीत कपडे काढायचे होते. आत मी, लेक, विहीणबाई, त्यांची नव्वदीला टेकलेली आत्या आणि लेकीच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी. आपण घरी आल्यावर चपला काढतो ना, तशा त्या सगळ्या जणींनी कपडे काढले. खुंटीला अडकवले आणि झालं. कुणी आडोसा शोधला नाही, पोट आत ओढलं नाही. आत्याबाईंची कातडी सगळी लोंबलेली, गुडघ्यावर शिवणीसारखी लांबलचक खूण, आणि त्या बाकावर बसून पोरींशी हसत गप्पा मारतायत! मी भिंतीकडे तोंड करून उभी. कान तापले होते. माझ्या लेकीला मी ती नऊ वर्षांची झाल्यानंतर कधी असं बघितलं नव्हतं. तीही बिनदिक्कत उभी होती, त्यांच्यातलीच एक झालेली. माझी पोर कधी एवढी परकी झाली, असं वाटून डोळे भरून आले.

मी परकर बांधला, काखेपर्यंत. कुणी काही म्हटलं नाही. विहीणबाईंनी फक्त स्वतःच्या कानाच्या पाळीला बोट लावलं आणि मग माझ्या कुड्यांकडे दाखवलं. लेक म्हणाली, "दागिने काढ, आत तापतात." कुड्या काढल्या, बांगड्या काढल्या. मंगळसूत्रावर हात गेला आणि तिथेच थांबला.

"आई, तेही काढ."

"शुभकार्याच्या दिवशी? अजिबात नाही."

"आई, सोनं आहे ते, गरम होईल."

"होऊ दे. तीस वर्षं मलकपेठच्या उन्हाळ्यात घातलंय."

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आत पाऊल टाकलं आणि जीव गुदमरला. उन्हाळा कसला, भट्टी होती ती. भिंतीला पायऱ्यांसारखी लाकडी बाकं, कोपऱ्यात लोखंडी चूल आणि तिच्यावर तापलेल्या दगडांची रास. मी सगळ्यात खालच्या बाकावर टेकले. आत्याबाई सगळ्यात वर जाऊन बसल्या, नव्वदीच्या! मग मैत्रिणींनी बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी घेतली आणि माझ्या लेकीच्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. मी ताडकन उठले. "ए! काय चाललंय हे? नवरीला झोडपताय?" लेक हसत म्हणाली, "आई, छान वाटतं. मालिश आहे ही." मी पुन्हा बसले. इथे छान कशाला म्हणतात हेच मला कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात विहीणबाईंनी लाकडी पळा भरून दगडांवर पाणी टाकलं. चर्र झालं, आणि वाफेचा लोट माझ्या अंगावर आला. गळ्याला एकदम चटका बसला. मंगळसूत्र! लांब होतं, परकरावर लोंबत होतं. मी घाईघाईने ते उचलून परकराच्या नि चोळीच्या आत कोंबलं, कशाला कोंबलं देव जाणे, माणूस घाबरला की काहीही करतो. वाट्या आत गेल्या, साखळी मानेला चिकटली. मी डोक्यावरून ओढून काढायला गेले तर परकराच्या नाडीत अडकली. "आई गं!" मी किंचाळले. डोळ्यांसमोर अंधारी आली.

विहीणबाई दोन ढांगांत खाली आल्या. माझ्या काखेत हात घालून मला उचललंच त्यांनी, बाहेरच्या न्हाणीच्या खोलीत नेलं आणि गार पाण्याची अख्खी बादली माझ्यावर ओतली. मग नाडीची गाठ सोडली. मी "नको, नको" म्हणत होते. पहिल्यांदाच त्यांनी माझं नको ऐकलं नाही. साखळी सुटली, परकर खाली गेला, चोळीचे हूक त्यांनी एका झटक्यात काढले. मोहरीची पिशवी भिजून फुगली होती. ती पचकन जमिनीवर पडली आणि शिवण उसवली.

ओल्या फरशीवर मोहरी सगळीकडे पसरली. ती गडगडत पाणी जायच्या जाळीच्या दिशेने निघाली होती, आणि माझ्या मागोमाग धावत आलेली लेक त्या मोहरीत अनवाणी उभी होती.

"आई, हे काय?" तिने वाकून ती पिशवी उचलली. मग वर बघितलं.

मी दोन्ही हात छातीवर घेतले, पण आता झाकून काय उपयोग? तिचं तोंड पांढरं पडलं. "केव्हा?" एवढंच म्हणाली.

"तीन वर्षं झाली. आता काही नाहीये. अगदी बरी आहे मी."

"तीन वर्षं?" तिचा आवाज चढला. "कॅमेरा बिघडला होता तेव्हा? मी दर रविवारी विचारत होते तुला, आई, कशी आहेस. दर रविवारी! तू म्हणायचीस बरी आहे, आणि मी झोपी जायचे. कोण समजतेस तू मला? पाहुणी?"

"तुझी नवी नोकरी होती..."

"तू मेली असतीस तर? तर काय सांगितलं असतं बाबांनी? कॅमेरा बिघडलाय?"

असं ती मला कधीच बोलली नव्हती. मला रडू फुटलं आणि रागही आला. नागड्याने उभी राहून लेकीच्या शिव्या खातेय, परक्या मुलखात, परक्या बायकांसमोर. मी त्या बायकांकडे बघितलं. आता येणार, म्हटलं. आता हळहळणार, चुकचुकणार, तोंडावर हात ठेवणार.

कुणीच चुकचुकलं नाही. मैत्रिणी दारातून परत फिरल्या. आत्याबाई आतूनच काहीतरी ओरडल्या, बहुधा दार लावा, वाफ जातेय. आणि विहीणबाई माझ्या छातीकडे सरळ बघत होत्या, चोरून नाही, आपण एखाद्याचं तोंड बघतो तसं. खुणेच्या वर एका जागी त्यांनी बोट दाखवलं. तिथे मंगळसूत्राच्या वाट्यांचे दोन लालभडक डाग उठले होते. मला तिथे काही कळलंच नव्हतं. काढल्यापासून त्या भागाला संवेदनाच नाही. विहीणबाईंनी फडकं गार पाण्यात बुडवून तिथे ठेवलं आणि हाताने दाबून धरलं. तिथे माझ्या नवऱ्याचाही हात कधी लागला नव्हता. मीच लागू दिला नव्हता. मी दचकले, मागे सरकायला गेले, पण भिंत होती.

मग त्या काहीतरी बोलल्या. लेकीने रडत रडतच मला सांगितलं, "ती विचारतेय, पुन्हा आत येणार की इथेच पाणी घालणार? नवरीचं पाणी राहिलंय."

मी हबकले. एवढं सगळं झालं आणि या बाईला पाण्याची पडलीय! पण खरं होतं. नवरीचं पाणी राहिलं होतं. मी हैदराबादेहून आणलेली उटण्याची पुडी सोडली आणि लेकीला बाकावर बसवलं. तिने माझ्याकडे पाठ केली. मी पाठीला उटणं लावलं, केसांवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी लग्नात ती हसली, फोटोत माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण माझ्याशी बोलली ती कामापुरतीच. निघताना विमानतळावर म्हणाली, "आई, आता तू फोनवर बरी आहे म्हणालीस, तर मी ते काय समजू?"

पूर्ण प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

परत आल्यावर दर रविवारी तेच. "कशी आहेस?" "बरी आहे." लगेच "बाबांना दे." यांच्याकडून ती खात्री करून घ्यायची. तपासणीचे कागद फोनवर मागवायची. एकदा मी भडकले. म्हटलं, "आई आहे मी तुझी, आरोपी नाही." ती म्हणाली, "तू मला दुसरा रस्ता ठेवला नाहीस." सगळी चीड गिळून मी फोन ठेवला. साधी सर्दी झाली तरी मी सांगायला लागले, तर ती म्हणायची, सर्दीच ना? मला वाटायचं, आता ही पोर माझ्या कुठल्याच शब्दावर उभी राहणार नाही.

दिवाळीला लेक, जावई आणि विहीणबाई आमच्याकडे आले. पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मी लेकीला म्हटलं, विहीणबाईंना सांग, पहाटे उठून तेल लावून न्हायचं असतं, मी त्यांना तेल लावीन. तिने काय सांगितलं कोण जाणे. पहाटे मी हॉलमध्ये पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं आणि मागे वळले, तर विहीणबाई खांद्यावर टॉवेल टाकून उभ्या. अंगावर दुसरं काही नाही! "अगं बाई!" मी ओरडले. हे पेपर घ्यायला दाराशी उभे होते. तसेच पायात चपला न घालता जिन्याने खाली पळाले, आणि पुढचा तासभर वॉचमनशी गप्पा मारत बसले. शेजारच्या मावशींनी विचारलं, सार, म्हणजे आमचे हे, कुठे निघाले एवढ्या पहाटे? मी दार लावून घेतलं आणि हसता हसता पाटावरच बसले. विहीणबाईही हसल्या. मग मी त्यांना तेल लावलं, तसंच, उजेडात. पाठीवर वांगाचे डाग होते, खांदे अजून घट्ट होते. मी बघितलं आणि काही वाटलं नाही, याचाच मला अचंबा वाटला.

त्या न्हाऊन गेल्यावर माझी पाळी. मी न्हाणीघरात गेले, परकर बांधला, बादलीत बोअरचं पाणी, गिझरचं गरम. दारावर टकटक झाली.

"आई, दार उघड."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. तेल कुणी लावलं तुला?"

"माझं मी लावते. तू जा."

ती गेली नाही. मी कडी काढली. ती तेलाची वाटी घेऊन आत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "परकर काढ."

"काहीतरीच काय!"

"आई."

मी नाडी सोडली. आमच्या त्या एवढ्याशा न्हाणीघरात, डोक्यावर उघडा बल्ब, आम्ही दोघी. तिने पाठीला तेल लावलं, हातांना लावलं. मग पुढे येऊन बसली आणि तिचा हात थांबला. तिने खूण नीट बघितली.

"दुखतं?"

"नाही. तिथे काही कळतच नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

तिने तेलात बोट बुडवलं आणि खुणेवर मधोमध ठेवलं. "इथे?"

माझ्या तोंडाशी हो आलं होतं. तिला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा माझ्या इतक्या जवळ होता.

"नाही," मी म्हटलं.

तिने बोट थोडं सरकवलं. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही गं."

तिचे डोळे भरले होते, पण ती थांबली नाही. बोट हळूहळू वर नेत काखेच्या बाजूला आलं, जिथे खूण संपते. तिथे मला काहीतरी लागलं. कोमट, थोडं खरखरीत. तिच्या बोटाला लहानपणी कापल्याची खूण आहे, तीच असावी.

"इथे?"

"हो. इथे कळतंय."

तिने माझ्याकडे बघितलं. मान डोलावली, बोट तिथेच ठेवलं, आणि पहिल्यांदाच पुन्हा विचारलं नाही.